‘कमीजास्त’च का, ‘जास्तकमी’ का नाही?

तोटानफा. खोटेखरे. दुःखसुख. सुलटउलट. जास्तकमी.

हे शब्द एकदा मोठ्याने वाचून बघा. व्याकरणाच्या हिशेबाने यात काहीच चूक नाही. दोन विरुद्ध अर्थाचे शब्द घेतले, मधला ‘आणि’ किंवा ‘किंवा’ गाळला, झाला समास. तरी कानाला खटकतंच. मराठी बोलणारा कुणीही तुम्हाला लगेच दुरुस्त करेल, ‘नफातोटा म्हणायचंय का?’ आणि का, असं विचारलंत तर खांदे उडवून म्हणेल, ‘असंच म्हणतात.’

शाळेत द्वंद्व समास शिकवला जातो. ‘रामलक्ष्मण’ म्हणजे राम आणि लक्ष्मण, तो इतरेतर द्वंद्व. ‘खरेखोटे’ म्हणजे खरे किंवा खोटे, तो वैकल्पिक. ‘मीठभाकर’ म्हणजे मीठ, भाकर वगैरे, तो समाहार. विग्रह बरोबर केला की गुण मिळतात. दोन पदांपैकी आधी कुठलं यायचं आणि का, हे मात्र कुणी विचारत नाही, कारण ते शिकवावंच लागत नाही. चार वर्षांचं मूलही ‘इकडेतिकडे’ म्हणतं, ‘तिकडेइकडे’ म्हणत नाही.

मग हा क्रम ठरवतं कोण? थोडक्यात सांगायचं तर आधी कान ठरवतो, आणि कानाचा निकाल बरोबरीत सुटला की समाज ठरवतो. हे थोडं उलगडून बघू.

पाणिनीने मोजलेले स्वर

या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकाच्या सुमारास पाणिनीने अष्टाध्यायीत समासातलं कुठलं पद पुढे ठेवायचं याची सूत्रंच दिली. याला व्याकरणात ‘पूर्वनिपात’ म्हणतात. द्वंद्वाची तीन सूत्रं दुसऱ्या अध्यायात लागोपाठ येतात. ऱ्हस्व इ किंवा उ ने संपणारं पद आधी, म्हणून ‘हरिहर’. स्वराने सुरू होऊन ऱ्हस्व अ ने संपणारं पद आधी, म्हणून ‘उष्ट्रखर’, म्हणजे उंट आणि गाढव. आणि तिसरं सूत्र ‘अल्पाच्तरम्’: ज्यात स्वर कमी ते पद आधी, म्हणून ‘शिवकेशव’. सोप्या भाषेत, आखूड शब्द पुढे, लांब शब्द मागे.

नंतर कात्यायन या वैयाकरणाने पुरवणी वार्तिकं, म्हणजे सूत्रांवरची टिपणं, जोडली. जो अधिक पूज्य तो आधी, याचं नेहमीचं उदाहरण ‘मातापितरौ’. थोरला भाऊ आधी, म्हणून ‘युधिष्ठिरार्जुनौ’. ऋतू आणि नक्षत्रं त्यांच्या ओळीने. संख्येत लहान ती आधी. आणि चार वर्ण त्यांच्या ठरलेल्या उतरंडीने. पाणिनीची ती तीन सूत्रं फक्त ध्वनी मोजतात, अर्थाकडे बघतही नाहीत. कात्यायनाच्या काही पुरवण्या मात्र मान, वय आणि जात मोजतात. दोन हजार वर्षांपूर्वीच हे दोन वेगळे हिशेब वेगळे मांडून झाले होते, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

आखूड-आधीचा नियम किती चिवट आहे ते देवांच्या जोडप्यांत बघा. एकाच दांपत्याची नावं: शिवपार्वती, उमामहेश्वर, पार्वतीपरमेश्वर. शंकर कधी पुढे, कधी मागे. पार्वतीही तशीच. भक्तीत फरक पडलेला नाही, अक्षरांत पडला आहे. ‘शिव’ दोन अक्षरी, ‘पार्वती’ तीन अक्षरी, म्हणून शिव पुढे. ‘परमेश्वर’ पाच अक्षरी, तेव्हा तीन अक्षरी पार्वती पुढे. ‘लक्ष्मीनारायण’ आणि ‘विठ्ठल-रखुमाई’ यांनाही हाच हिशेब लावून बघा.

सासू पुढे, काकू मागे

आता देव्हाऱ्यातून माजघरात येऊ. नात्यांच्या जोड्या म्हणजे विरुद्धलिंगी शब्दांच्याच जोड्या, आणि मराठीत त्या फार बोलक्या आहेत.

सासूसासरे. आजीआजोबा. स्त्रीपुरुष. या तिन्हींत बाई आधी आहे. हा स्त्रीदाक्षिण्याचा पुरावा म्हणून कुणी भाषणात वापरेल, पण अक्षरं मोजली की उत्साह ओसरतो: सासू दोन, सासरे तीन, आजी दोन, आजोबा तीन, स्त्री एक, पुरुष तीन. बाई पुढे आहे ती शब्द आखूड आहे म्हणून.

जिथे दोन्ही शब्द सारख्या लांबीचे आहेत तिथे काय होतं? काकाकाकू, मामामामी, राजाराणी, मुलगामुलगी, नवरानवरी, नवराबायको. बरोबरी झाली की पुरुष पुढे. कुणी म्हणेल, काकू हा शब्द काकावरूनच बनला, मामी मामावरून, तेव्हा मूळ शब्द आधी येणं साहजिक आहे. मुद्दा रास्त आहे. पण काकूवरून काका न बनता काकावरून काकू बनली, ही गोष्टही समाजाबद्दलच काहीतरी सांगते. आणि बायको हा शब्द काही नवऱ्यावरून बनलेला नाही.

गंमत अशी की देवांच्या बाबतीत बरोबरी उलटी सुटते. सीताराम, राधाकृष्ण, गौरीहर: दोन-दोन अक्षरं, आणि पुढे देवी.

सगळं इतकं नीट बसतं असं मात्र नाही. ‘बहीणभाऊ’मध्ये तीन अक्षरी बहीण पुढे आहे, ‘भाऊबहीण’ही ऐकू येतं, पण पहिला क्रम काही चुकीचा वाटत नाही. ‘वधूवर’मध्ये बरोबरी असूनही वधू पुढे. ‘आईबाप’ आणि ‘मायबाप’मध्ये आई पुढे, तिथे कात्यायनाचा पूज्यतेचा निकष लावता येईल, किंवा ‘आई’पुरतं पुढच्या परिच्छेदातलं कारणही.

स्वर आधी

उलटसुलट, आंबटगोड, आतबाहेर, ओलासुका, इकडेतिकडे, उठबस, ऊनसावली. या सगळ्यांत पहिला शब्द स्वराने सुरू होतो, दुसरा व्यंजनाने. ‘उलटसुलट’ तर खास आहे. एरवी चांगलं ते आधी, वाईट ते नंतर असा कल असतो, तो इथे मोडला आहे, कारण ‘उ’ने बाजी मारली.

हा कल किती खोल आहे ते निरर्थक शब्दांत दिसतं. मराठीत शब्दाला जोड म्हणून अर्थहीन शब्द लावायची सवय आहे: चहाबिहा, पुस्तकबिस्तक. अर्थाचा शब्द आधी, मग त्याची सावली. पण हे बघा: अदलाबदल, आजूबाजू, आसपास, आमनेसामने, अवतीभवती, अधूनमधून. ‘बदल’ला अर्थ आहे, ‘अदला’ला नाही. ‘बाजू’ला अर्थ आहे, ‘आजू’ला नाही. इथे अर्थहीन शब्द चक्क पुढे बसला आहे, केवळ तो स्वराने सुरू होतो म्हणून. आरंभी व्यंजन नसलेला शब्द आधी उच्चारणं तोंडाला सोपं जात असावं. इंग्रजीतल्या जोड्यांतही पहिल्या शब्दाच्या आरंभी व्यंजनं कमी असण्याकडे कल असतो, असं भाषाशास्त्रज्ञांनी नोंदवलं आहे.

लांबी आणि स्वर यांची टक्कर झाली तर? ‘चढउतार’ घ्या. स्वर ‘उतार’कडे आहे, पण ‘चढ’ आखूड आहे. जिंकला चढ. ‘डावाउजवा’मध्येही तेच. आता शेजारच्या हिंदीत बघा: ‘उतार-चढ़ाव’. क्रम बरोबर उलटा! कारण हिंदीने आखूड ‘चढ’ न घेता ‘चढ़ाव’ घेतला, दोन्ही शब्द तीन अक्षरी झाले, लांबी बरोबरीत सुटली आणि स्वराने निकाल लावला. डोंगर तोच, चढउतार तोच, एका ‘आव’ प्रत्ययाने क्रम फिरला.

लहानाकडून मोठ्याकडे

अर्थाच्या बाजूनेही मराठीचे काही ठाम कल आहेत. मला सर्वांत आवडतो तो आकाराचा. कमीजास्त, कमीअधिक, थोडेबहुत, लहानमोठे, छोटेमोठे, लहानथोर, आबालवृद्ध. मराठी लहानापासून सुरू करून मोठ्याकडे जाते. इंग्रजी बऱ्याचदा उलट जाते: ‘मोर ऑर लेस’, ‘बिग अँड स्मॉल’, ‘रिच अँड पुअर’. आपण म्हणतो गरीब-श्रीमंत.

कात्यायनाचं ‘लहान संख्या आधी’ हे वार्तिक इथे आठवतं. ते ‘द्वादश’सारख्या शब्दांसाठी होतं: दोन आधी, दहा नंतर. आपले शंभराच्या आतले आकडे अजून तसेच चालतात. एकवीस, बावीस, तेवीस: एकक आधी बोलायचा, दशक नंतर. लिहिताना मात्र 21 मध्ये दोन आधी येतो. पहिलीतली मुलं एकवीस ऐकून 12 लिहितात त्यामागे हेच असतं.

इंग्रजीवरून घाईत केलेलं भाषांतर ओळखायची ही एक हमखास खूण आहे. ‘श्रीमंत आणि गरीब यांच्यातील दरी’, ‘मोठे आणि छोटे उद्योग’ असं वाचलं की समजावं, मूळ मजकूर दुसऱ्या भाषेत होता. चूक काहीच नाही, पण मराठी माणूस आपणहून ‘लहानमोठे उद्योग’ लिहितो.

दुसरा कल मूळ शब्द आधी ठेवण्याचा. यश-अपयश, मान-अपमान, सत्य-असत्य, योग्य-अयोग्य. नकार लावून बनलेला शब्द मागे राहतो, आणि संधी होऊन यशापयश, मानापमान, सत्यासत्य, योग्यायोग्य असे घट्ट शब्द तयार होतात. गीतेतल्या ‘सुखदुःखे समे कृत्वा लाभालाभौ जयाजयौ’ या ओळीत अशा दोन जोड्या शेजारी शेजारी आहेत. यात ‘सुरासुर’ मात्र आपल्याला फसवतो. वाटतं, सुर म्हणजे देव, त्याला ‘अ’ लावून असुर झाला. प्रत्यक्षात असुर हा शब्द जुना. ऋग्वेदात तो देवांनाही लावलेला आहे. पुढे लोकांना त्यातला ‘अ’ नकाराचा वाटला आणि तो काढून ‘सुर’ बनवला गेला. समासात पुढे बसलेला देव हा असुरातून निघालेला आहे.

तिसरा कल चांगलं आधी ठेवण्याचा: सुखदुःख, गुणदोष, नफातोटा, खरेखोटे, जयपराजय. आणि चौथा काळाचा: जन्ममृत्यू, सकाळसंध्याकाळ, आजउद्या. त्यावर फार बोलायला नको, जे आधी घडतं ते आधी येतं.

चांगलं-आधीला अपवाद पुष्कळ. ‘कडूगोड’ आठवणींत कडू आधी. ‘पापपुण्य’मध्ये पाप आधी. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या निर्वाणषट्कात ‘न पुण्यं न पापं न सौख्यं न दुःखं’ असा क्रम आहे, पण मराठीने पापाला पुढे आणलं. ‘पुण्य’मधलं जोडाक्षर उच्चारायला जड, तेव्हा हलका शब्द आधी गेला, असं मला वाटतं. पापाची आठवण आधी यावी म्हणून, असं कीर्तनकार सांगू शकतात.

पश्चिमेकडचे लोक काय म्हणतात

जर्मन भाषाशास्त्रज्ञ ओटो बेहागेल यांनी 1909 मध्ये ‘वाढत्या पदांचा नियम’ मांडला: जोडीत लांब पद मागे राहतं. पाणिनीचं अल्पाच्तरम् आठवलं असेलच. 1959 मध्ये याकोव्ह माल्कील यांनी उलटवता न येणाऱ्या शब्दजोड्यांवर लेख लिहिला. 1975 मध्ये कूपर आणि रॉस यांनी ‘मी आधी’ असं तत्त्व सुचवलं: बोलणारा स्वतःला मध्यभागी धरतो आणि जे आपल्या जवळचं ते आधी म्हणतो. इथलं आधी, तिथलं नंतर. आत्ताचं आधी, नंतरचं नंतर. मोठी माणसं आधी, मुलं नंतर. पुरुष आधी.

मराठीला हे अर्धं लागू पडतं. इकडेतिकडे, येजा, आवकजावक, आयातनिर्यात, जमाखर्च: आपल्याकडे येणारं आधी, आपल्याकडून जाणारं नंतर. कचेरीतली आवक-जावक नोंदवहीसुद्धा याच तत्त्वाने चालते. पण ‘आबालवृद्ध’मध्ये बाळ आधी आहे. ‘तुझं माझं जमेना’ म्हणताना समोरचा आधी आहे. आणि देवाणघेवाणीत आपण आधी देतो, मग घेतो. हिंदीत ‘लेन-देन’ म्हणतात, तिथे घेणं आधी. यावरून कुणाच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढू नयेत, हे सांगायला हवं का?

2002 मध्ये स्टीव्हन जोन्स यांनी इंग्लंडच्या ‘इंडिपेन्डन्ट’ वृत्तपत्रातली तीनेक हजार वाक्यं घेऊन विरुद्धार्थी शब्द एकाच वाक्यात कसे येतात ते तपासलं. क्रमाची कारणं त्यांनाही एकाहून जास्त सापडली: मूळ शब्द, चांगलं-वाईट, काळ, आकार, लिंग, ध्वनी, शब्दाची वारंवारता. सगळ्या जोड्या एकाच नियमात बसत नाहीत.

यामागे मेंदूची सोय असते. जो शब्द आखूड, ओळखीचा, सतत वापरातला असतो तो लवकर हाताशी येतो. तो उच्चारेपर्यंत दुसरा तयार होतो. आणि एकदा क्रम रुळला की पुढच्या पिढ्या तो अख्खा उचलतात. वाचतानाही हे जाणवतं. वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या 2011 च्या एका इंग्रजी अभ्यासात ‘ब्राइड अँड ग्रूम’ हा रुळलेला क्रम ‘ग्रूम अँड ब्राइड’पेक्षा भरभर वाचला गेला. तिकडेही वधूच आधी, हे जाता जाता.

क्रम बदलला की अर्थ बदलतो

काही जोड्या दोन्ही बाजूंनी चालतात, पण अर्थ एक राहत नाही. ‘तो मागेपुढे बघत नाही’ म्हणजे कचरत नाही. ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ म्हणजे कधीतरी भविष्यात. शब्द तेच दोन, पण ‘पुढेमागे न बघता उडी मारली’ किंवा ‘मागेपुढे उपयोगी पडेल’ म्हटलं तर ऐकणारा अडखळेल.

‘देणंघेणं’ म्हटलं की डोळ्यांपुढे लग्नाची बैठक येते, मानपान येतात, आकडे येतात. ‘घेणंदेणं’ बहुतेक वेळा नकारातच भेटतं: ‘मला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही’, म्हणजे संबंध नाही. म्हणीतही तसंच: घेणं ना देणं, कंदील लावून येणं. इथे ‘देणं’ मागे ठेवावंच लागतं, नाहीतर पुढच्या ‘येणं’शी यमक कसं जुळणार?

जिन्यावरून आपण ‘वरखाली’ करतो, पण काळजीने जीव ‘खालीवर’ होतो. ‘रात्रंदिवस’ आणि ‘दिवसरात्र’ यांचा अर्थ जवळजवळ एकच, पण पहिला संस्कृत ‘रात्रिंदिव’चा वारसा मधल्या अनुस्वारासकट सांभाळून आहे. तुकोबांच्या ‘रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग’ या ओळीत तो असा बसला आहे की तिथे ‘दिवसरात्र’ घालून बघायचं धाडस होत नाही.

आणि ‘बरंवाईट’. ‘बरंवाईट कळतं त्याला’ म्हणताना दोन्ही शब्द जिवंत आहेत. पण ‘त्याचं काही बरंवाईट झालं तर?’ म्हणताना ‘बरं’ नुसतं झाकण आहे. अर्थ सगळा वाईटाचाच, म्हणजे मृत्यूचा. चांगला शब्द पुढे ठेवला की वाईट गोष्ट तोंडातून काढता येते.

समासाबाहेर

दोन विरुद्ध शब्द समासात न बांधता वाक्यात सुटे ठेवले, तर लिहिणाऱ्याला क्रमाचं स्वातंत्र्य मिळतं. ‘गरीब असो वा श्रीमंत’ आणि ‘श्रीमंत असो वा गरीब’ दोन्ही चालतं. ‘रावापासून रंकापर्यंत’ म्हटलं की नजर वरून खाली उतरते, ‘लहानांपासून थोरांपर्यंत’ म्हटलं की खालून वर चढते. समासातला क्रम सवयीचा असतो, वाक्यातला बऱ्याच वेळा हेतूचा.

हेतू सर्वांत उघडा पडतो तो ‘पण’ लावल्यावर. मराठीत ‘पण’च्या आधीचं ते मान्य केलेलं, नंतरचं ते ठासून सांगायचं. ‘महाग आहे पण चांगलं आहे’ हे दुकानदाराचं वाक्य. ‘चांगलं आहे पण महाग आहे’ हे गिऱ्हाइकाचं. माल तोच, किंमत तीच, दोघेही खरंच बोलताहेत. ‘मुलगा अबोल आहे पण हुशार आहे’ हे मुलाच्या मामाचं वाक्य. ‘हुशार आहे पण अबोल आहे’ हे मुलीच्या आत्याचं. दोन्ही घरांत ऊठबस असलेला मध्यस्थ यातलं कुठलं वाक्य कुठल्या घरात म्हणायचं ते कधी चुकवत नाही.